किरमीचा चौथा दिवस

मंगलाबाई फेगडे गेल्याचं ज्योत्स्ना नेहेतेला कळलं ते त्यांच्या मुलाकडून. सकाळी अकराच्या सुमारास तो तिच्या खोलीत आला, खुर्चीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, आईची फाइल परत मिळाली तर बरं, विम्यासाठी लागते आहे.

भुसावळच्या एका खाजगी रुग्णालयात ज्योत्स्ना आहारतज्ज्ञ होती. मंगलाबाई तिच्या प्रयोगातल्या दोनशे माणसांपैकी एक. वय छप्पन्न, प्रकृती ठणठणीत. पंधराच दिवसांपूर्वी त्या रक्त तपासायला आल्या होत्या तेव्हा जिना चढूनही त्यांना दम लागला नव्हता. ज्योत्स्नाने काय झालं ते विचारलं. मुलाने जमेल तसं सांगितलं. आई सातपुड्यात ताईकडे गेली होती, नातवाच्या बारशाला. दहा दिवस राहिली. शेवटी पोटात दुखायला लागलं, मग शौचावाटे रक्त. जळगावला नेईपर्यंत अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आतडं आतून सोलल्यासारखं झालंय.

"तिकडे खाण्यात काय होतं?"

"घरचंच. भाकरी, भाजी, केळी, सीताफळं. किरमी तिकडे मिळत नाही, म्हणून सहा दिवसांची बरोबर नेली होती. नंतर संपली."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ज्योत्स्नाने फाइल काढून दिली आणि तो गेला. दहातून सहा गेले की चार उरतात, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं आणि का घोळतंय ते तिला कळत नव्हतं.

किरमी बाजारात आली त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. लिंबाएवढं, किरमिजी रंगाचं, आत पांढरट गर असलेलं वेलीवरचं फळ. मूळ वेल दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगरातली. एका कंपनीने दहा वर्षं खपून तिच्यात फेरफार केले आणि राज्यभर काचघरांतून ती वाढवायला घेतली. ज्योत्स्नाचा सुरुवातीला त्यावर विश्वास नव्हता. महिला मंडळांतून, शाळांतून ती वर्षानुवर्षं एकच सांगत आली होती, की परदेशी फळांच्या नादी लागू नका, दोन किवींत मिळून नसतं तेवढं क जीवनसत्त्व गाडीवरच्या एका पेरूत असतं, आणि आपल्या भागात तर केळी दारात पिकतात. म्हणूनच कंपनीने तिला गाठलं. तुम्हीच तपासा, म्हणाले, निकाल काहीही लागो.

तिने दोनशे माणसं निवडली. शंभरांना रोज दोन किरमी, शंभरांना केळी, पेरू, पपई, बोरं, ऋतूप्रमाणे जे मिळेल ते. वर्ष संपलं तेव्हा आकडे बघून ती स्वतःच चक्रावली. किरमी खाणाऱ्यांची साखर उतरली होती, वजन उतरलं होतं, झोप सुधारली होती, गुडघे दुखायचे थांबले होते. तिने पुन्हा मोजलं, दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुने पाठवले. फरक पडला नाही. मग तिने प्रामाणिकपणे तेच लिहिलं आणि ते छापून आलं; प्रयोग मात्र पुढेही चालू ठेवला. तिच्यासारखी बाई म्हणते म्हटल्यावर लोकांनी पेरू-केळी सोडून किरमी धरली. खुद्द तिने धरली. वडिलांना धरायला लावली.

वडील, म्हणजे भास्करराव, रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. लग्न मोडल्यापासून ज्योत्स्ना मुलगी ऋजुताला घेऊन त्यांच्याकडेच राहत होती. आप्पांना मधुमेह, आणि जेवणानंतर केळं खाल्ल्याशिवाय पान हलायचं नाही. फळाचं नाव ऐकूनच त्यांनी नाक मुरडलं होतं. जंत झाल्यासारखं वाटतं म्हणाले. पण लेकीचं ऐकलं. दीड वर्षात त्यांचं इन्शुलिन सुटलं. सोळा वर्षांच्या ऋजुताने मात्र दोनदा चाखून किरमी बाजूला सारली. तिला ती पाणचट लागायची.

मंगलाबाईंनंतर महिनाभरात आणखी दोघे गेले. एकजण केदारनाथला जाऊन आले होते. दुसऱ्या बाईंच्या दाढेचं ऑपरेशन झालं होतं आणि आठवडाभर त्या नुसत्या दूध-पाण्यावर होत्या. तिघांमधला समान धागा शोधायला ज्योत्स्नाला फार वेळ लागला नाही. शीतपेटीतले शौचाचे जुने नमुने घेऊन ती डॉ. अकील तडवींकडे गेली. तडवी जिवाणूंचे तज्ज्ञ, मूळचे यावलकडचे, बोलायला सावकाश आणि कामाला चोख. त्यांनी बारा दिवस मागितले आणि नवव्या दिवशीच तिला बोलावून घेतलं.

प्रयोगशाळेत खिडकीपाशी दोन स्टुलं ओढून त्यांनी तिला समजावलं. किरमीची गोडी वेगळ्या साखरेची असते. तिची साखळी इतकी लांब, की माणसाला ती पचवता येत नाही. म्हणून तर रक्तातली साखर वाढत नाही. मग ती पचवतं कोण? कंपनीने त्या गरातच एक जिवाणू सोडला आहे. फळाबरोबर तो आतड्यात जातो, तिथे वस्ती करतो, ती साखर खातो आणि त्या बदल्यात आपल्याला उपयोगी पडणारी आम्लं तयार करतो. तब्येत सुधारते ती त्यामुळे. इथवर सगळं कंपनीच्या कागदपत्रांतही होतं आणि ज्योत्स्नाला माहीत होतं.

"आता पुढचं," तडवी म्हणाले. "आपल्या आतड्याला आतून एक चिकट थर असतो, अस्तरासारखा. तोही साखरेच्याच साखळ्यांचा. पोटात शेकडो जातीचे जिवाणू असतात, ते भाकरीच्या कोंड्यावर, फळांच्या चोथ्यावर जगतात, म्हणून अस्तराला कोणी तोंड लावत नाही. ह्या तुमच्या पाहुण्याने तीन वर्षांत बाकीच्यांना हुसकून लावलंय. आणि त्याच्या हजारो पिढ्या नुसत्या किरमीवर वाढल्यात. केळी, पेरू, डाळी काही दिलं तरी त्याला ते खाता येत नाही. किरमी बंद झाली की तो उपाशी. तीन दिवस कळ काढतो. चौथ्या दिवशी अस्तर खायला लागतो."

ज्योत्स्नाने विचारलं, औषधाने मरत नाही का? तडवींनी मान हलवली. औषध दिलं की तो कवच करून झोपतो, औषध थांबलं की उठतो. मंजुरीच्या वेळी हे कसं कोणाच्या लक्षात आलं नाही, ह्याचं उत्तर तिला स्वतःलाच सुचलं. फळ खाल्ल्यावर काय होतं ते सगळ्यांनी तपासलं होतं, तिनेसुद्धा. खायचं थांबवल्यावर काय होतं ते कोणीच तपासलं नव्हतं.

तडवींनी मग दुसरा कागद पुढे केला. ज्यांनी कधी किरमी खाल्लीच नाही त्या शंभरांचे नमुनेही त्यांनी तपासले होते. त्यातल्या एकसष्ट जणांच्या पोटात तोच जिवाणू होता. एका घरात राहून, एका ताटातलं खाऊन, हात लागून गेलेला. त्यांच्या पोटात बाकीचे जिवाणू शाबूत होते आणि त्यांनी पचवलेल्या चोथ्यातलं उरलंसुरलं खाऊन तो भागवून घेत होता, म्हणून त्यांना धोका कमी. पण तो तिथे होता.

घरी येऊन ज्योत्स्नाने कारण न सांगता आप्पांचे, ऋजुताचे आणि स्वतःचे नमुने घेतले. तिघांतही तो जिवाणू निघाला. ऋजुतातसुद्धा.

त्याच आठवड्यात किरमी महाग झाली, मग मिळेनाशी झाली. दुकानदार सांगत, माल येत नाही. ज्योत्स्नाने कंपनीला पत्र पाठवलं होतं, त्याला उत्तर म्हणून कुलश्रेष्ठ नावाचे गृहस्थ स्वतः भुसावळला आले. पन्नाशीचे, मृदू बोलणारे, थकलेले. त्यांनी लपवाछपवी केली नाही. वेलींवर मर रोग आला होता. मुळं काळी पडत होती आणि एका काचघरातून दुसऱ्यात तो कसा जातो ते कळत नव्हतं. निम्म्याहून जास्त वेली गेल्या होत्या. चौथ्या दिवसाबद्दलही त्यांना महिनाभरापासून माहीत होतं.

ते म्हणाले, किरमीतली साखर कारखान्यात तयार करायचं काम सुरू आहे, सहा आठवड्यांत पावडर येईल. तोवर आहे ती फळं पुरवून पुरवून गावोगाव पाठवतो आहोत. तुम्ही आज बोललात तर उद्या सकाळी ज्यांच्याकडे पैसा आणि मनगट आहे ते सगळी फळं घरात भरतील. मग बाकीचे सहा आठवडे नाही, सहा दिवसही काढणार नाहीत. थोडं थांबा.

हे सगळं खोटं नव्हतं, म्हणूनच ज्योत्स्नाला त्याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी दोन खोकी आली. वर पत्ता आप्पांच्या नावाचा. आत कापसात ठेवलेली शहाण्णव फळं. आप्पांना आणि तिला रोज दोन दोन धरली तर चोवीस दिवसांची. खोकी परत पाठवायची असं तिने दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा आप्पा समोरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले तिला दिसले. तिने खोकी फ्रिजमध्ये रिकामी केली आणि ती गप्प राहिली.

अकरा दिवस ती गप्प राहिली. तडवींनी तिला दोनदा विचारलं, आणखी एक चाचणी करू या, असं तिने सांगितलं. आठव्या दिवशी सोनवणे सरांचा फोन आला. वरणगावच्या शाळेतले निवृत्त शिक्षक, प्रयोगातले सगळ्यात नेमाचे. रोजची नोंद सुवाच्य अक्षरात वहीत लिहून आणायचे. तीन दिवस झाले, फळ मिळालं नाही, म्हणाले, प्रयोगात खंड पडला तर चालेल का मॅडम?

ज्योत्स्ना तेव्हा स्वयंपाकघरात उभी होती. फ्रिजच्या दारावर तिचा हात होता. वरणगाव काही लांब नव्हतं, अर्ध्या तासात चार फळं नेऊन देता आली असती. पण मग का आणलीत हे सरांनी विचारलं असतं, आणि सर कोणापासून काही लपवणारे नव्हते. ती म्हणाली, आज-उद्या येईल माल, तोवर काही बिघडत नाही.

तिचे आभार मानून सरांनी फोन ठेवला. चार दिवसांनी त्यांच्या सुनेने फोन केला.

त्या दिवशी ती कामावरून दुपारीच घरी आली. आप्पा बाथरूमच्या दाराशी भिंतीला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा. तिने विचारायच्या आधीच तिला फरशीवरचं रक्त दिसलं.

"आप्पा, किरमी खाल्ली होती ना? मी रोज ताटलीत काढून ठेवत होते."

"ऋजुताच्या टेबलाच्या खणात आहेत. दहा. तिला म्हटलं, बोलू नको." ते दम खाऊन म्हणाले, "डॉक्टर तडवी आले होते परवा, तू नव्हतीस. मला माहीतच असेल असं समजून ते सगळं बोलून गेले. त्याच्या आधीच दोन दिवस मी सोडली होती. खोक्यावरचं नाव बघून मला कळलं होतं काहीतरी आहे. मुलाबाळांना मिळत नाही आणि माझ्या नावाने फुकट येतंय."

ती रडू लागली तसं ते म्हणाले, "तू माझ्यासाठी गप्प होतीस. आता गप्प राहायला माझं कारण सांगू नकोस."

रुग्णवाहिका येईपर्यंतच्या वेळात तिने त्यांना किरमीचा गर भरवायचा प्रयत्न केला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. रुग्णालयात पोचल्यावर त्यांना दाखल करून, अंगावरच्या त्याच कपड्यांनिशी ती जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत गेली आणि तडवींच्या अहवालाची प्रत टेबलावर ठेवली. संध्याकाळी ती बातम्यांमध्ये बोलली. किरमी खाणाऱ्यांनी ती एकाएकी बंद करू नये, असेल ती वाटून घ्यावी, ज्यांची तुटली आहे त्यांनी ताबडतोब दवाखान्यात यावं. अकरा दिवस आपल्याला हे माहीत होतं, हेही तिने सांगितलं. ते सांगायला कोणी भाग पाडलं नव्हतं.

कुलश्रेष्ठ म्हणाले होते तसंच झालं. दुसऱ्या दिवशी जळगावात दोन गोदामं फुटली. यावल रस्त्यावर एका ट्रकवाल्याला लोकांनी मारलं आणि त्याच्या गाडीत टरबुजं निघाली. तिच्या घराच्या काचा फुटल्या. सोनवणे सरांची सून फाटकाशी येऊन उभी राहिली. ती घराकडे बघत राहिली आणि निघून गेली. ज्योत्स्ना पडद्याआड उभी राहून हे पाहत होती. बाहेर जायचं धैर्य तिला झालं नाही.

आप्पांसाठी तडवींनी एक उपाय करून बघायचं ठरवलं. कच्च्या केळ्यात असा एक पिष्टपदार्थ असतो, जो माणसाला पचत नाही आणि सरळ मोठ्या आतड्यात उतरतो. तो त्या जिवाणूला थोडा तरी चालेल अशी त्यांना आशा होती. कच्ची केळी वाळवून, दळून, त्या पिठाची पातळ पेज करून दर दोन तासांनी द्यायची. फैजपूरच्या केळीवाल्यांनी घड पोचवले. रक्त जाणं कमी झालं. चार दिवस ते टिकून राहिले, बोलत होते, ऋजुताला कोडी घालत होते. पाचव्या दिवशी आतड्याला भोक पडलं. नवव्या दिवशी सकाळी ते गेले.

तडवींनी तिला त्या नऊ दिवसांच्या चाचण्या दाखवल्या त्या पंधरा दिवसांनंतर. पेज सुरू केल्यावर जिवाणूतला थोडा भाग कच्च्या केळ्यावर जगायला शिकत होता. त्याला फक्त वेळ मिळाला नव्हता. किरमी एकदम न तोडता चाळीस दिवसांत थोडी थोडी कमी केली आणि पेज तेवढीच वाढवत नेली, तर माणूस वाचू शकत होता. सरकारने उरलेली फळं ताब्यात घेतली, पावडर आली, आणि गावोगाव चाळीस दिवसांचं वेळापत्रक लागलं. जिल्ह्यात चारशे बारा माणसं गेली. बाकीची वाचली. ज्योत्स्नाही वाचली. किरमी पूर्ण बंद झाल्यावरचे पहिले चार दिवस ती संडासात जाताना दार उघडं ठेवायची, आणि ऋजुता बाहेर उभी राहायची.

चौकशी समितीने तिचं लायसन्स काढून घेतलं. तिने विरोध केला नाही. ऋजुता तिच्याशी बोलायची, पण आजोबांनी खणात ठेवलेल्या त्या दहा फळांबद्दल दोघीही कधी बोलल्या नाहीत.

जिवाणू मात्र गेला नव्हता. वर्षभराने तडवींनी राज्यातून नमुने गोळा केले तेव्हा दर दहा माणसांत आठ जणांच्या पोटात तो होता. ज्या वाड्या-वस्त्यांवर किरमी कधी पोचलीच नाही तिथेही होता. जन्मून महिना झालेल्या बाळांत होता. रोज दोन वेळ पोटभर चोथ्याचं खाणाऱ्याला त्याचा काही त्रास नव्हता. पण पोट चार दिवस रिकामं राहून चालणार नव्हतं, कोणाचंच. लोकांनी निर्जळी उपास सोडले. रमजानात रात्रीची पेज घ्यायला कोणीही विसरू नये म्हणून मशिदींतून कच्च्या केळीचं पीठ वाटलं जाऊ लागलं. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवण्याचे नियम बदलले. ज्याला खाता येत नाही त्याच्या घरचे दिवस मोजू लागले.

त्या थंडीत ऋजुताला टायफॉइड झाला. तापाच्या पहिल्या दिवशी तिने भात उलटून टाकला. दुसऱ्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. रुग्णालयात जागा नव्हती. तापाचीच साथ होती आणि व्हरांड्यात गाद्या टाकल्या होत्या. परिचारिका घरी येऊन सलाईन लावून गेली. सलाईनने माणूस जगतो, पण पोटातल्या जिवाणूला खायला मिळत नाही, हे तिनेही सांगितलं आणि ज्योत्स्नाला ते माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ज्योत्स्ना वाटी घेऊन पलंगाशी बसली. सकाळपासूनची ही चौथी पेज. आधीच्या तीन उलटल्या होत्या. ऋजुताचे ओठ सुकून फुटले होते. तिने डोळे मिटूनच तोंड फिरवलं.

"नको आई. मळमळतंय."

ज्योत्स्नाने चमचा खाली ठेवला, तिचं कपाळ पुसलं. खिडकीतून ऊन पलंगाच्या मधोमध आलं होतं. उद्या ते इथे येईल तेव्हा चौथा दिवस अर्धा झालेला असेल, हे तिने मनात येऊ दिलं नाही तरी आलं. आप्पांचा राखेसारखा चेहरा तिला दिसला, सोनवणे सरांचं सुवाच्य अक्षर दिसलं. तिने पुन्हा चमचा भरला. ह्या वेळी अर्धाच.

"एक घोट. मग मी पाच मिनिटं काही बोलणार नाही."

ऋजुताने डोळे उघडले. आईकडे पाहिलं. तिला सगळं समजत होतं, आणि आई घाबरली आहे हेही दिसत होतं. तिने तोंड उघडलं. पेज आत गेली. घशाची हालचाल झाली. ज्योत्स्ना वाटी धरून बसली, एक मिनिट, दोन मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तिला ऐकू येत होता. पाच मिनिटं झाली. काही उलटलं नाही.

तिने दुसरा चमचा भरला.